मधली पावती

“पहिली आणलीत, तिसरी आणलीत, मधली काय मेंढीने खाल्ली, बाई?” जमीनदाराच्या वकिलाने विचारले, तशी कोर्टात खसखस पिकली.

जुनी थकबाकी दाखवून जमीनदार विधवा एल्स्पेथचे शेत काढून घ्यायला निघाला होता. स्कॉटलंडच्या कायद्यात तिला एकच आधार होता: सलग तीन वर्षांच्या खंडाच्या पावत्या दाखवल्या, की त्याआधीचा सगळा खंड भरला असेच धरले जाई.

मधली पावती तिच्या शालीत होती. तापाने जाण्याआधीच्या हिवाळ्यात नवरा चुलीपाशी बसून लिहायला शिकला होता. घरात दुसरा कागद नव्हता, म्हणून त्या पावतीच्या पाठीवर त्याने सात वेळा तिचे नाव लिहिले होते. त्याच्या हातचे तेवढेच उरले होते.

“दाखवून परत घेऊ का?” तिने कारकुनाला हळूच विचारले.

“दप्तराला लागलेला कागद परत मिळत नाही, बाई.”

तिने सातही नावांवरून बोट फिरवले आणि पावती पुढे केली.

शेत वाचले. शेजारी अभिनंदन करीत होते. ती मात्र कारकुनापाशीच थांबली होती.

“बाजाराच्या दिवशी येऊन ती नुसती पाहिली, तर चालेल ना?”