तेवीस सह्या

"कागद सरळ धरा आजी, आणि शेवटच्या ओळीला डोळे पुसा," असं पुटपुटत स्मृती समितीच्या प्यो साहेबांनी बोंग-इमला माइकसमोर उभं केलं.

दक्षिण कोरियातल्या देगू शहराजवळच्या त्या गावातलं सभागृह गच्च भरलं होतं. दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचा जन्मदिवस होता. मंचावर दोघांच्या तसबिरी, पुढ्यात तांदळाच्या वड्या आणि फळांची रास. शेजारी तो घराघरांत पोचलेला फोटो. हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख नेसलेल्या बाई सूतगिरणीतल्या एका पोरीचे दोन्ही हात हातात घेऊन उभ्या आहेत. ती पोर म्हणजे बोंग-इम. तेव्हा सतराची, आता एकाहत्तरची.

"बाईंचे हात आईच्या हातांसारखे ऊबदार होते," तिने वाचलं. समोर हुंदके सुरू झाले.

"अशी माणसं पुन्हा होणे नाही!" कुणीतरी ओरडलं.

बोंग-इमने कागदाची घडी घातली.

"हात ऊबदार होते, हे खरं. पण त्या हातांत मी चिठ्ठी दिली होती. आमच्या खोल्यांना रात्री बाहेरून कुलूप लावतात, ते काढायला सांगा, एवढंच लिहिलं होतं. खाली तेवीस जणींच्या सह्या."

"पाहिलंत?" प्यो साहेब खूश झाले. "गरिबांना बाईंपाशीच मन मोकळं करावंसं वाटायचं!" टाळ्या पडल्या.

"बाईंनी ती वाचली की नाही, देव जाणे. त्यांनी ती मागच्या माणसाकडे दिली. चौथ्या दिवशी जीप आली. सह्या पाहून पाहून आम्हाला उचललं. मी अकरा महिन्यांनी सुटले. काही जणी परतल्याच नाहीत."

मग एकच गिल्ला झाला.

"लाल बावट्याची अवलाद!"

"उतरवा रे तिला!"

प्यो साहेब माइक ओढू लागले. बोंग-इमने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. आधी नवऱ्याच्या भीतीने, मग मुलाच्या सरकारी नोकरीपायी ती चोपन्न वर्षं गप्प राहिली होती. आता तिला थांबता येईना. शिव्या झेलत ती एकेक नाव उच्चारू लागली.

"चो माल-सुन. कू इप-बुन. बांग ग्ये-ओक."

खुर्च्यांमधून एक म्हातारी उठली. छातीवर राष्ट्राध्यक्ष आणि बाईंच्या चित्राचा बिल्ला. पायऱ्या चढून ती तरातरा मंचावर आली. आता ही हात उगारणार, असं सगळ्यांना वाटलं.

तिने प्यो साहेबांचा हात माइकवरून झटकला.

"बांग ग्ये-ओक माझी थोरली बहीण. कुणाबरोबर तरी पळून गेली असं समजून बापानं मरेपर्यंत घरात तिचं नाव घेऊ दिलं नाही." ती बोंग-इमच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून उभी राहिली. "घे गं पुढची नावं. मोठ्यानं घे."