त्या तळ्यातली गोगलगाय
ती गोगलगाय त्या तळ्याखेरीज जगात कुठेच नव्हती, आणि प्राध्यापिकाबाईंनी तिच्या अभ्यासात आयुष्य वेचलं होतं. पण तिच्या अंगात वाढणारा जंत पाण्यातून काठावरच्या पोरांच्या रक्तात शिरत होता. पोरं दगावू लागली, तेव्हा तळ्यात विष ओतायचं ठरलं. थोड्या गोगलगायी वाचाव्यात म्हणून बाईंनी जंग जंग पछाडलं. काचेच्या टाकीत एकही तगेना. बाईंना विषासह तळ्यात घेऊन आलेल्या नावाड्याची मुलगी याच दुखण्यानं गेली होती, तरी होडीत विषाच्या पिंपावर त्याचा हात थबकला. "बाई, तुम्हाला काठावर सोडतो. मीच ओततो." "नको, दादा. तुमच्या लेकीला तुम्हीच खांदा दिलात ना? हिला मी देते." बाईंनी पिंप कलंडवला. संध्याकाळी मेलेल्या गोगलगायींचा काठावर खच पडला. धाकट्याला कडेवर घेतलेल्या नावाड्याच्या बायकोनं विचारलं, "आता पोरांना पोहता येईल?" "येईल," बाई म्हणाल्या आणि काठावरच्या मेलेल्या गोगलगायी वेचू लागल्या.