कार्ल्याचा फाटा

तेव्हा अख्ख्या तुंगार्लीत एकच मोटार होती, ती आमची. पण माझ्या माहेरी, कामशेतला निघालं की ती कार्ल्याच्या फाट्यावर हमखास डावीकडे ओढायची, आणि ब्रेक लागेपर्यंत देवीच्या रस्त्याला लागलेली असायची. "एकवीरा आई बोलावतेय, तिला डावलून पुढे जायचं नाही," सासूबाई म्हणायच्या. डोंगर चढून दर्शन होईतो दिवस कलायचा, मग आम्ही घरी परतायचो. असं दोन वर्षं चाललं होतं, आणि तिकडे माझी आई अंथरुणाला खिळली होती.

शेवटी मीच हट्ट धरून मारुती मिस्त्रींना बोलावलं. तीन दिवस खपून त्यांनी ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही दुरुस्त केली. "वैनी, सवता कामशेतपातुर जाऊन आलो. आता गाडी कुटंबी वढत न्हाई," ते मला म्हणाले.

रविवारी निघालो. फाटा दिसताच मागच्या सीटवर सासूबाईंनी हात जोडले. मी मात्र ह्यांच्या हातांकडे बघत होते.



ह्यांनी चाक सावकाश डावीकडे वळवलं आणि म्हणाले, "पुन्हा ओढतेय बघ!"