डावी चप्पल

दिवाळीच्या सुट्टीसाठी आमचा सुरतेतला हिरे घासायचा कारखाना बंद होत होता. घंट्या, म्हणजे हिरे घासायची चाकं, पुसून त्यांच्यावर जुन्या चादरी टाकल्या आणि मालक जेरामशेठने दारावर पाटी लावली. दरवर्षी तिच्यावर 'लाभपाचमेला उघडेल', म्हणजे दिवाळीनंतर पाचव्या दिवशी, असं असतं. यंदा नुसतंच 'बंद' होतं.

कारण कुणीच विचारलं नाही. समोरच्या कारखान्यात गेल्या दिवाळीत एकाने विचारलं होतं. तो कारखाना अजून उघडलेला नाही.

आमच्यातले वयस्कर कारागीर करसनकाका कुजबुजले, "आपली एकेक वस्तू आत राहू द्या रे. मग शेठला दार उघडावंच लागेल."

"काय ठेवू, काका? डबा?" मी विचारलं.

"डबा घरी बायको मागेल. चप्पल ठेव. डावी."

"एकच का?"

"मग गावी काय दोन्ही पायांनी अनवाणी जाणार?"

आम्ही अकरा जणांनी अकरा डाव्या चपला एका चादरीखाली सरकवल्या आणि बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने उभे राहिलो.

शेठ कुलूप घेऊन आले. त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं, मग आत जाऊन चादर उचलली.

"हे काय, करसनभाई?"

"कारखाना परत उघडावा म्हणून, शेठ," काका कसेबसे म्हणाले.

शेठने वाकून स्वतःची डावी चप्पल काढली आणि आमच्या चपलांशेजारी नीट ठेवली.

"एक पुरेल ना, करसनभाई?"