तेलातला कीस

रविशंकरने गॅरेजात बाइकच्या इंजिनाखालचा नट सोडवला आणि काळं तेल परातीत उतरू लागलं. दारातलं ऊन परातीवर पडत होतं. तेलात काहीतरी पिवळं चमकलं. त्याने परात हलवली. पुन्हा चमकलं.

"मामा, आवाज कसा येत होता?"

"खरखर," स्टुलावर बसलेले अप्पाराव म्हणाले. "आतून कोणी दात खाल्ल्यासारखी."

"इथवर चालवत आणलीत?"

"ढकलत आणली. उगाच जोखीम कशाला?" त्यांची धाप अजून ओसरली नव्हती.

अप्पाराव रविशंकरच्या वडिलांचे मित्र. कुंभकोणमला वीज मंडळात लाइनमन होते. भर पावसात याच बाइकवरून फिरून त्यांनी गावोगावच्या तारा जोडल्या होत्या आणि त्यांना एकदाही अपघात झाला नव्हता. हे ते सांगत, तेव्हा तमिळ सोडून घरच्या मराठीत सांगत.

आता बाइक निघायची ती शुक्रवारी. त्यांची मुलगी नित्या चेन्नईला होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आता तिला दिवस गेले होते. बाळ हातात येईपर्यंत दर शुक्रवारी तिरुक्करुगावूरला गर्भ राखणाऱ्या देवीच्या दर्शनाला जायचं, असा नवस अप्पारावांच्या पत्नी मीनाक्षीबाई बोलल्या होत्या. "मी नेतो तुला," असं अप्पाराव तेव्हाच म्हणाले होते, आणि शब्द मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"ठेवून जा मामा. उघडून बघतो."

ते गेल्यावर रविशंकरने तेल फडक्यातून गाळलं. कणांवरून लोहचुंबक फिरवला. एकही कण चिकटला नाही. म्हणजे गिअरचं पोलाद नव्हे. पिस्टन झिजला असता तर कण पांढुरके निघाले असते. हे पिवळे होते. दांड्याभोवतीची पितळी कडी, म्हणजे बुश, झिजला असेल म्हणून त्याने इंजिन खोललं. बुश शाबूत होता, त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

त्याने कण कागदावर पसरून भिंगाखाली धरले. झिजलेल्या धातूची भुकटी पिठासारखी मऊ असते. हे कण टोकदार होते, काही वळलेले. कानशीने घासून कीस पडतो तसे. आणि त्यांच्यात पांढरी पूड मिसळलेली होती. त्याने ती बोटांत चुरली. रांगोळी.

त्याने कागद जपून दुमडला.

स्वामीमलैच्या एका कारखान्यातून लहान पितळी मूर्ती मीनाक्षीबाईंकडे यायच्या. त्यांच्या कडा कानशीने घासून साफ करायचं काम त्या घरी करत. अंगणात रांगोळीही त्याच घालत. शिवाय महिन्यापूर्वी त्या गॅरेजात येऊन हळूच म्हणाल्या होत्या, "रवी, ही बाइक विकायला सांग रे ह्यांना. पापनाशमच्या वळणावर बैलगाडी अगदी अंगावर आली होती. तू सांगितलंस तर ऐकतील." तो हसला होता. अप्पारावांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी त्याने मीनाक्षीबाईंना एकट्यांनाच बोलावलं आणि कागद समोर धरला.

"मामी, हे इंजिनातलं नाही. बाहेरून टाकलेलं आहे."

मीनाक्षीबाईंनी कणांकडे पाहिलं. दचकल्या नाहीत.

"मीच टाकलं," त्या म्हणाल्या.

इतक्या लवकर कबूल होतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचा आवाज चढला. "अहो, वाटेत इंजिन जाम झालं असतं! चाक अडकलं असतं. तुम्ही मागे बसलेल्या, मामा पुढे. दोघंही गेला असतात!"

"ते चालवणार नव्हते."

"तुम्हाला काय ठाऊक?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "इंजिन गेलं, असं सांगशील त्यांना?"

"मी खोटं बोलू? धुऊन नवं तेल भरलं की ती आणखी दहा वर्षं पळेल. लाइनमन माणूस, इतकी वर्षं सांभाळली त्यांनी. भीती वाटत होती, तर तसं तोंडावर सांगायचं."

"काही गोष्टी तोंडावर सांगितल्या की माणूस आतून मोडतो, रवी. माझ्यावर राग धर हवा तर. पण एवढं सांग."

रविशंकरने राग धरला. पण संध्याकाळी अप्पाराव आले तेव्हा मीनाक्षीबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, आणि मामींकडे न बघता तो म्हणाला, "मामा, क्रँक गेला. याचे सुटे भाग आता मिळत नाहीत."

अप्पारावांनी हात पुढे करून टाकी चाचपली, तिच्यावरून तळवा फिरवला.

"म्हणजे बाइकच दमली म्हणायची."

"बाइकच," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"बघ हं, मी नाही म्हटलं नव्हतं. नेतच होतो तुला."

"नेत होता की. मी नाही म्हणाले का कधी?"

पुढच्या शुक्रवारी दोघं बसने तिरुक्करुगावूरला निघाली. अप्पाराव खिडकीशी बसले होते, कित्येक दिवसांत दिसले नव्हते इतके मोकळे. रविशंकरने त्यांना बस स्टँडवर पाहिलं. हातही केला. अप्पारावांनी ओळख दिली नाही. रागावले असतील, असं त्याला वाटलं. मीनाक्षीबाईंनी मात्र मान हलवली. त्याने ती पाहून न पाहिल्यासारखं केलं.

बाइक गॅरेजात आली त्या पहाटे मीनाक्षीबाई अंगणाच्या दाराआड उभ्या होत्या. अप्पाराव बाइकपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी बोटांनी चाचपडत तेलाचं झाकण उघडलं आणि बायकोच्या कामाच्या डब्यातून आणलेला कीस वाटीने ओतला. भोक होतं एकीकडे, वाटी दुसरीकडे. सगळा कीस खाली रांगोळीवर सांडला. त्यांना ते दिसलं नाही. झाकण लावून, भिंतीचा आधार घेत ते आत गेले, तेव्हा मीनाक्षीबाई बाहेर आल्या, सांडलेला कीस त्यांनी ओंजळीत गोळा केला आणि नवऱ्याचं राहिलेलं काम पुरं केलं.