तारखेपुरती जागा

"आमच्या गादीवरच्या सगळ्यांची चरित्रं आहेत. फक्त आत्ताच्या बाबांचं नाही," हस्तलिखिताचं शेवटचं पान बाजूला सारत थोरला शिष्य म्हणाला.

लेखकाने लेखणी खाली ठेवली. सूफी संतांची चरित्रं फारसी गद्यात लिहिण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती, आणि त्यातलं वर्षभर तरी शिष्यांचे असले रुसवे काढण्यात गेलं होतं.

"कसं असेल? बाबा हयात आहेत. या ग्रंथांची रीतच आहे, शेवटच्या ओळीत संतांनी देह कधी ठेवला आणि कबर कुठे, ते यायलाच हवं. शिवाय जिवंत माणसाचा काय भरवसा? उद्या बाबा बिघडले, तर माझं पुस्तक खोटं पडायचं!"

तो आपल्याच विनोदावर मनसोक्त हसला. शिष्य हसला नाही.

"बांधणीला कधी देताय?"

"गुरुवारी."

"मग बाबांचं लिहून ठेवा. तारखेपुरती जागा सोडा." शिष्य उठला. त्याने पानं नीट जुळवून लेखकापुढे ठेवली. "बुधवारी दुपारपर्यंत आणून देतो."

तो जिना उतरून गेला, तेव्हा कुठे लेखकाच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनीच त्याला फारसीचं पहिलं अक्षर गिरवायला लावलं होतं. वडील गेल्यावर त्याला बाबांशिवाय कुणी नव्हतं. तो तसाच अनवाणी धावला.

बाबा खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते. लेखकाने धापा टाकत सगळं सांगितलं.

"आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चला. हवं तर ते पुस्तक जाळून टाकतो!"

"जाळू नकोस रे. चांगलं लिहिलंयस." बाबांनी दोऱ्याचं टोक ओठांत भिजवलं. "मला एवढंच सांग, माझ्याआधी या गादीवर बसलेल्या तिघांच्या तारखा तुला कोणी आणून दिल्या?"

लेखकाला आठवलं. तिन्ही वेळा हा थोरला शिष्यच आला होता, आणि तिन्ही वेळा अगदी वेळेवर. त्या तत्परतेबद्दल लेखकाने प्रस्तावनेत त्याचे मनापासून आभार मानले होते.