काढलेल्या तारा

गिटार दोन्हीकडची होती. नुसती वाजवा, नाहीतर वायर लावून स्पीकरवर. ब्राँझच्या तारांचा आवाज स्पीकरवर कमी पडतो, म्हणून दुरुस्तीवाल्याने पहिल्याच दिवशी विचार करून निकेलच्या लावून दिल्या होत्या. पण मोबाइलवर वाचून वाचून गिऱ्हाइकाचं डोकं फिरलेलं. पंधरा दिवसांत ते परत दारात हजर, कुठूनसा मागवलेला निकेलच्याच तारांचा भारीतला संच घेऊन.

"तुमच्या तारांमध्ये जीवच नाही हो. त्याला कान लागतो. तुम्हाला नाही कळायचं."

तीस वर्षं तारा ओढणारा दुरुस्तीवाला नुसतं "बरं" म्हणाला. गाढवाला गुळाची चव काय, असं पुटपुटत त्याने गिटार आत नेली. होत्या त्याच तारा फडक्याने पुसल्या, सुरात लावल्या, नवा संच ड्रॉवरमध्ये टाकला आणि निवांत चहा पिऊन अर्ध्या तासाने गिटार बाहेर आणली.

गिऱ्हाइकाने डोळे मिटून तारा छेडल्या. "आता बोला. आहे की नाही फरक?"

"जमीन-अस्मानाचा," दुरुस्तीवाला गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"आणि त्या काढलेल्या तारा द्या इकडे. माझी वस्तू मी मागे सोडत नाही."

दुरुस्तीवाल्याने तारा काढल्याच कुठे होत्या! आत जाऊन त्याने ड्रॉवरमधला नवा संच फोडला आणि त्यातल्या तारा गुंडाळून आणून दिल्या.



"मेलेली तार हाताला लगेच कळते," म्हणत गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, दुरुस्तीवाल्याचंच कटर उचललं आणि सहाही तारांचे तुकडे करून कचऱ्यात टाकले.